‘नेट नाही’ : वनप्रदेशातील कार्यालयांच्या बिनतारी जाळ्यांची परीक्षा आणि सुधारणा

१. विषयप्रवेश

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील व्यापारी कार्यालयांत एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘नेट नाही.’ बल्लारपूरचा लाकूड-व्यापारी, घुग्घुस-राजुरा भागातील कोळशाचा वाहतूकदार, मूल-ब्रह्मपुरीकडील भातगिरणीचा चालक, अहेरीकडील पतसंस्थेचा कारकून हे सर्वजण ते उच्चारतात. वाक्य दोनच शब्दांचे आहे. परंतु त्यापुढे संभाषण सरकत नाही. काउंटरपलीकडे उभा असलेला मनुष्य मुकाट्याने परत फिरतो, वजनकाट्यावर ट्रकांची रांग वाढते, तेंदूपानांच्या ई-निविदेची मुदत टळून जाते. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. अशा प्रदेशात ‘उद्या या’ याचा अर्थ एका दिवसाची मजुरी आणि दोन वेळचे एस.टी.चे भाडे असा होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन शब्दांचे मोल कळते.

या वाक्याची घडण पाहण्याजोगी आहे. मराठीत वीज ‘येते’ आणि ‘जाते’, नळाला पाणी ‘येते’ आणि ‘जाते’. त्याच साच्यात नेट आणि रेंज हे दोन्ही शब्द जाऊन बसले आहेत. ‘रेंज’ या शब्दाचा मूळ इंग्रजी अर्थ पल्ला असा आहे. मराठीने तो शब्द खुद्द संकेतालाच लावला, आणि ‘रेंज गेली’ असे म्हणण्याची सोय झाली. येणे-जाणे-असणे या क्रियापदांनी व्यक्त होणारी वस्तू एक तर असते, नाही तर नसते. तिला तरतमभाव राहत नाही. बिनतारी जाळ्याची स्थिती मात्र बहुतेक वेळा या दोन टोकांच्या मधलीच असते. जाळे पूर्णपणे बंद पडणे ही विरळा घटना होय. ते मंदावणे, अडखळणे, एका खोलीत चालून दुसऱ्या खोलीत न चालणे, सकाळी ठीक असून दुपारी बिघडणे, हा त्याचा नित्यक्रम. भाषेने दिलेली तक्रार द्विपर्यायी आणि वस्तुस्थिती श्रेणीबद्ध, असा हा विसंवाद आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, ‘नेट नाही’ या एका विधानात वेगवेगळी कारणे असलेली अनेक विधाने मिसळलेली असतात. ती मापनाने अलग केल्याविना केलेला कोणताही उपाय बहुधा व्यर्थ, आणि पुष्कळदा अपायकारक ठरतो.

२. एका वाक्यातील अनेक विधाने

कार्यालयातील संगणकापासून दूरच्या सर्व्हरपर्यंत जाणाऱ्या मार्गाचे ढोबळमानाने चार टप्पे पडतात. पहिला टप्पा हवेतला : संगणक वा मोबाईल आणि भिंतीवरील ॲक्सेस पॉइंट यांमधला. दुसरा टप्पा इमारतीतील तारांचा : ॲक्सेस पॉइंटपासून स्विचमार्गे राउटरपर्यंतचा. तिसरा टप्पा बाहेरच्या जोडणीचा : राउटरपासून सेवा पुरविणाऱ्या कंपनीपर्यंतचा. ही जोडणी प्रकाशतंतूची, मोबाईल मनोऱ्यावरची किंवा उपग्रहाची असू शकते. चौथा टप्पा त्यापुढील जगाचा, म्हणजे बँकेच्या किंवा निविदेच्या सर्व्हरचा. या चारही टप्प्यांना आधारभूत असा विजेचा पुरवठा हा पाचवा घटक मानावा लागतो.

यांपैकी केवळ पहिला टप्पा कार्यालयाच्या स्वतःच्या बिनतारी जाळ्याचा आहे. तथापि पाचांपैकी काहीही बिघडले तरी काउंटरवरचे वाक्य एकच निघते, आणि दोष सहसा दिसणाऱ्या वस्तूला, म्हणजे लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या राउटरला, दिला जातो. नवा राउटर येतो. चार दिवस बरे वाटते. पुन्हा तेच वाक्य सुरू होते. रोग पोटात आणि लेप कपाळावर, असा हा प्रकार होय.

पहिल्या व तिसऱ्या टप्प्यांतील भेद ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. कोणत्याही संगणकावर उपलब्ध असलेल्या ‘पिंग’ या आज्ञेने एक लहानसे पॅकेट पाठवून त्याचे उत्तर येण्यास लागणारा वेळ मोजता येतो. ही आज्ञा एकदा आपल्याच राउटरच्या पत्त्यावर आणि लगेच एकदा बाहेरील एखाद्या स्थिर पत्त्यावर द्यावी. राउटरकडून उत्तर काही मिलिसेकंदांत आणि अखंड येत असेल, परंतु बाहेरचे उत्तर रेंगाळत असेल, तर हवेतला टप्पा निर्दोष आहे. राउटरकडूनच उत्तर कधी ३, कधी ३०० मिलिसेकंदांनी येत असेल किंवा मधूनच हरवत असेल, तर दोष घरातच आहे. या दोन आकड्यांनी ‘नेट नाही’ या वाक्याची निम्मी संदिग्धता नाहीशी होते.

३. संकेत, कोलाहल आणि पुनरुक्ती

हवेतल्या टप्प्याचा विचार करताना प्रथम ‘रेंज’ आणि ‘वेग’ या दोन कल्पना वेगळ्या कराव्या लागतात. मोबाईलवर दिसणाऱ्या दांड्या संकेताचे बळ दर्शवितात. मात्र किती बळाला किती दांड्या, याचा सर्व कंपन्यांना समान असा मानदंड नाही. यास्तव दांड्यांऐवजी डीबीएम हे एकक वापरणे इष्ट. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. तेथून खाली दर दहा अंकांमागे बळ एक-दशांश होते. उणे ६० डीबीएम म्हणजे एका मिलिवॉटचा दहा लाखावा भाग. इतका क्षीण संकेतही उपकरणास उत्तम समजतो. बिनतारी जाळ्यावरून बोलणे व्हावयाचे असल्यास बसण्याच्या जागी उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून सबळ संकेत मिळावा, असा संकल्पकांचा सर्वसाधारण दंडक आहे.

परंतु बळ हे एकाकी काहीच सांगत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या संदेशवहनाच्या गणिती सिद्धान्तानुसार वाहिनीची कमाल क्षमता दोन गोष्टींवर अवलंबून असते : तिची रुंदी, आणि संकेताचे कोलाहलाशी असलेले प्रमाण. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीत संकेत कोलाहलाहून २५ डेसिबलने वरचढ असेल, तर शॅननच्या सूत्राने तिची सैद्धान्तिक कमाल क्षमता सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट येते. ही वरचढ १० डेसिबलवर उतरली, तर क्षमता ६९ मेगाबिटांवर येते. संकेताचे बळ तेवढेच राहून केवळ कोलाहल वाढला तरी हा ऱ्हास घडतो. दांड्या पूर्ण असूनही काम अडते, या नित्याच्या कोड्याचे हे पहिले उत्तर.

कोलाहलावर मात करण्याचा भाषेचा उपाय पुनरुक्तीचा आहे. ‘तो काळा घोडा धावला’ या वाक्यात पुल्लिंग व एकवचन यांची सूचना चारही शब्दांत मिळते. बाजाराच्या गलबल्यात एखादा शब्द हरवला तरी उरलेल्या शब्दांवरून अर्थ सावरता येतो. लेखी इंग्रजीतील अशा पुनरुक्तीचे प्रमाण शॅनन यांनी सुमारे निम्मे मानले होते. बिनतारी यंत्रेही हेच करतात. संकेत स्वच्छ असता सहा बिटांपैकी पाच बिट प्रत्यक्ष मजकुराचे आणि एक रक्षणाचा असतो. संकेत मलिन झाला म्हणजे निम्मे बिट रक्षणार्थ खर्ची पडतात, आणि प्रत्येक स्पंदावर लादलेला मजकूरही कमी केला जातो. अर्थात् दूरचे यंत्र बंद पडत नाही. ते सावकाश, ठासून, अधिक शब्द खर्चून बोलू लागते. ज्याला आपण ‘स्लो’ म्हणतो ते पुष्कळदा यंत्राने सुज्ञपणे पत्करलेले सावधपण असते.

याशिवाय प्रत्येक पॅकेटाला पोच मिळावी लागते. कथा सांगणाऱ्याला श्रोत्याने हुंकार द्यावा, तसाच हा व्यवहार. हुंकार आला नाही, तर तेच पॅकेट पुन्हा पाठविले जाते. अशा पुनःप्रेषणाचे प्रमाण ही जाळ्याच्या आरोग्याची उत्तम नाडी होय. बऱ्या प्रतीच्या ॲक्सेस पॉइंटांत ते नोंदलेले असते. मात्र ते पाहण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

४. पाळीचा प्रश्न

मानवी संभाषणात एका वेळी एकच बोलतो आणि पाळी बदलण्याचे अलिखित नियम सर्वांना ठाऊक असतात, हे सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन यांनी १९७४ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात सविस्तर दाखविले. बिनतारी जाळ्याचा मूळ प्रश्न हाच आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकाच यंत्राचे बोलणे समजू शकते. हवाई विद्यापीठात १९७१ साली सुरू झालेल्या ‘अलोहा’ या आरंभीच्या जाळ्यात जो तो मनास येईल तेव्हा बोलत असे. परिणामी वाहिनीच्या काळापैकी फार तर १८ टक्के उपयोगी पडे, उरलेला काळ रिकामा तरी जाई किंवा टकरींत वाया जाई. आजच्या वाय-फायचे मानक प्रथम १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यात बोलण्यापूर्वी ऐकावे, दुसरा बोलत असल्यास थांबावे, आणि शांतता झाल्यावर प्रत्येकाने यदृच्छेने निवडलेला अल्प काळ वाट पाहून मग बोलावे, असा शिष्टाचार घातला आहे.

या शिष्टाचारातून तीन परिणाम संभवतात, आणि कार्यालयातील बहुतेक तक्रारींचे मूळ त्यांत सापडते.

पहिला परिणाम मंद वक्त्याचा. पाळी सर्वांस समान मिळते, पण पाळीचा काळ समान नसतो. १५०० बाइटांचे एक पॅकेट सेकंदाला ५४ मेगाबिट वेगाने पाठविण्यास, वरकड वेळ सोडता, सुमारे ०.२२ मिलिसेकंद लागतो. तेच १ मेगाबिट वेगाने पाठविण्यास १२ मिलिसेकंद. कोपऱ्यातील कोठीत ठेवलेला एखादा जुना फोन अशा संथ वेगाने बोलू लागला, की ॲक्सेस पॉइंटशेजारी बसलेल्या लेखापालाचा संगणकही त्याच्या संथपणात ओढला जातो. ग्रेनोबल येथील संशोधकांनी २००३ साली या विपरीत परिणामाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. तक्रार लेखापालाची, कारण मात्र कोठीतल्या फोनचे. केवळ तक्रारदाराचा संगणक तपासून ते कधीच सापडणार नाही.

दुसरा परिणाम अदृश्य वक्त्याचा. आवाराच्या एका टोकाला काट्याची खोली, दुसऱ्या टोकाला गोदामातला संगणक आणि मध्ये पत्र्याची शेड, अशी रचना समजा. दोघांनाही मधल्या इमारतीवरील ॲक्सेस पॉइंट ऐकू येतो, पण परस्परांचे बोलणे ऐकू येत नाही. शांतता आहे असे समजून दोघेही एकदम बोलतात, आणि ऐकणाऱ्यास काहीच कळत नाही. येथे दोन्हीकडे दांड्या पूर्ण दिसतात, हे विशेष.

तिसरा परिणाम शेजाऱ्याचा. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ साली परवान्याविना वापरास खुला झाला. त्यात एक ते तेरा असे चॅनेल असले, तरी त्यांच्यातील अंतर ५ मेगाहर्ट्झचे आणि प्रत्येकाची रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्झची. म्हणून एक, सहा व अकरा असे तीनच चॅनेल एकमेकांत न मिसळता वापरता येतात. चंद्रपूरच्या बाजारपेठेतील एखाद्या व्यापारी संकुलात दुकानागणिक एक राउटर असतो. या सर्वांना त्या तीन वाटांनीच जावे लागते. पाच गिगाहर्ट्झ पट्ट्यातील परवानामुक्त भाग २०१८ साली बराच वाढविण्यात आला. तेथे वाटा अधिक आणि गर्दी कमी आहे. मात्र या लहरी भिंतीपलीकडे तितक्या सहज पोहोचत नाहीत, आणि जवळच्या जवळ काम असेल तर हा त्यांचा गुणच ठरतो.

यावरून दोन लोकप्रिय उपायांचे वैयर्थ्य ध्यानात येईल. ॲक्सेस पॉइंटची शक्ती वाढविल्याने त्याचा आवाज मोठा होतो, पण मोबाईलचा आवाज होता तेवढाच राहतो. संभाषण दुतर्फा असल्याने लाभ एकतर्फी राहतो, आणि शेजाऱ्याचा उपद्रव तेवढा वाढतो. तसेच बाजारात मिळणारा साधा रिपीटर प्रत्येक पॅकेट ऐकून त्याच चॅनेलवर पुन्हा उच्चारतो. म्हणजे पल्ला वाढतो, पण हवेतला काळ दुप्पट खर्च होतो. दांड्या वाढल्या आणि वेग घटला, हा अनुभव त्यामुळेच येतो.

५. प्रदेशविशेष

आतापर्यंतचे विवेचन कोणत्याही गावाला लागू पडेल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या ऋतूंमुळे आणि भूरचनेमुळे त्यात जी भर पडते, तिचा विचार स्वतंत्रपणे करणे अवश्य आहे.

उन्हाळा. चंद्रपूरचे मे महिन्यातील तापमान ४५ अंशांच्या वर जाणे हे नवलाचे नाही. लहान कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक राउटरांची विहित कार्यमर्यादा मात्र ० ते ४० अंश सेल्सियस एवढीच असते. लोखंडी कपाटावर, छताच्या पत्र्याखाली ठेवलेले यंत्र दुपारी तापते आणि स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होते. याच काळात खिडक्यांत कूलर बसतात. कूलरची पेटी पत्र्याची आणि तिच्या ताट्या पाण्याने निथळणाऱ्या. पत्रा लहरी परावर्तित करतो आणि पाणी त्या शोषून घेते. इमारतीतून अंगणापलीकडील काट्याच्या खोलीकडे जाणाऱ्या संकेताची वाट बहुधा खिडकीतूनच असते. जानेवारीत निर्दोष ठरलेली ही वाट एप्रिलमध्ये कूलरने बुजते, आणि दोष कंपनीच्या माथी जातो.

वीज. दाब उतरला किंवा पुरवठा इन्व्हर्टरवर गेला, तर क्षणार्धाच्या खंडाने राउटर नव्याने सुरू होतो. तो पूर्ववत् जोडला जाईपर्यंत मिनिट-दोन मिनिटे जातात. दिवे लगेच उजळल्यामुळे वीज गेल्याचे कोणाच्या ध्यानातही राहत नाही, आणि ‘नेट सारखे जाते’ अशी नोंद होते. राउटरपुरता लहान यूपीएस हा यावरील उपाय अल्पमोली असून त्याचे फळ तात्काळ मिळते.

वनराई. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे. आगारे, गिरण्या व खाणी यांची कार्यालये आणि त्यांचे दूरचे काटे वा नाके यांना जोडण्यासाठी ५.८ गिगाहर्ट्झची समोरासमोर बसविलेली बिनतारी जोडणी सोयीची पडते. ही कामे साहजिकच उन्हाळ्यात उरकली जातात. साग हा पानझडी वृक्ष. त्या दिवसांत तो निष्पर्ण असतो आणि मृगाच्या सुमारास रुंद पानांनी भरून जातो. पर्णयुक्त दाट झाडीतून होणाऱ्या क्षीणनाचे वाइसबर्गर यांनी १९८२ साली मांडलेले सूत्र घेतले, तर १४ मीटर झाडीतून जाताना ५.८ गिगाहर्ट्झचा संकेत सुमारे १० डेसिबलने उतरतो, म्हणजे त्याचा दशांश उरतो, २.४ गिगाहर्ट्झचा सुमारे ८ डेसिबलने. हे सूत्र समशीतोष्ण प्रदेशातील कोरड्या झाडीवरून बांधलेले आहे. सागाच्या ओल्या पानांना ते जसेच्या तसे लावता येत नाही. म्हणूनच स्थानिक मापनाची गरज आहे.

‘पावसाने रेंज जाते’ ही समजूतही या प्रकाशात तपासावी. या वारंवारतेवर खुद्द पावसाचे क्षीणन अल्प असते. ताशी १०० मिलिमीटर कोसळणाऱ्या पावसातही ते किलोमीटरमागे एखाद्या डेसिबलच्या आसपास राहते. जोडणी बिघडते ती बहुधा भिजलेल्या पानांमुळे, सांध्यांत शिरलेल्या पाण्यामुळे आणि खंडित विजेमुळे. १२-१४ गिगाहर्ट्झच्या उपग्रह-जोडणीला मात्र पाऊस खरोखरच बाधतो.

आडोसे. दोन ॲन्टेनांमधली रेषा डोळ्यांना मोकळी दिसणे पुरेसे नाही. तिच्याभोवतीची काही जागाही मोकळी लागते. दोन किलोमीटरच्या जोडणीस ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यभागी या जागेची त्रिज्या सुमारे ५ मीटर भरते. लाकडाच्या थप्प्या आणि कोळशाचे ढीग यांची उंची महिन्यागणिक बदलते. लिलावापूर्वी आगार भरले की जोडणी अडखळते आणि माल उचलला की सुधारते, असे घडल्यास त्यात गूढ काही नाही.

अंतर. दुर्गम तालुक्यांत बाहेरची जोडणी हाच खरा अडसर असतो. केंद्र शासनाने २०१४ साली नक्षलप्रभावित क्षेत्रांत मोबाईल मनोरे उभारण्याची योजना मंजूर केली आणि २०२२ साली त्या मनोऱ्यांवरील दुसऱ्या पिढीची सेवा चौथ्या पिढीची करण्यास मान्यता दिली. जेथे जोडणी भूस्थिर उपग्रहावरून होते, तेथे एक मर्यादा अटळ आहे. असा उपग्रह विषुववृत्तापासून ३५,७८६ किलोमीटर उंच असतो. प्रश्न वर जाऊन खाली यावयाचा आणि उत्तरही तसेच यावयाचे. प्रकाशाच्या वेगानेही यास सुमारे ४८० मिलिसेकंद लागतात. कार्यालयातील वाय-फाय कितीही सुधारले, तरी हा अर्धा सेकंद कमी होणार नाही. तेथे ॲक्सेस पॉइंट बदलण्यावर होणारा खर्च निरर्थक होय.

६. परीक्षेची पद्धती

दोन ध्वनी भिन्न वर्ण आहेत की नाहीत हे ठरविताना भाषाशास्त्र लघुतम युग्माचा आश्रय घेते : ‘पाट’ व ‘वाट’ यांत एकच घटक बदलतो, आणि त्यानेच अर्थ बदलतो. जाळ्याच्या परीक्षेतही एका वेळी एकच घटक बदलावा, बाकीचे स्थिर ठेवावेत. राउटर, चॅनेल आणि जागा एकदम बदलल्या, तर सुधारणा झाली तरी ती कशाने झाली हे कळत नाही.

या तत्त्वानुसार पुढील नोंदी पुरेशा आहेत.

पहिली नोंद जागेची. कार्यालयाचा आराखडा कागदावर काढून, प्रत्यक्ष बसण्याच्या प्रत्येक ठिकाणी दोन्ही पट्ट्यांतील संकेताचे बळ आणि शेजारच्या जाळ्यांचे चॅनेल लिहावेत. त्यासाठीचे साधन कोणत्याही मोबाईलवर मिळते.

दुसरी नोंद काळाची. राउटर आणि बाहेरचा पत्ता या दोहोंचे पिंग दिवसातून ठराविक वेळी, निदान एक आठवडा, मोजावेत. त्या आठवड्यात पगाराचा, आठवडी बाजाराचा किंवा निविदेचा दिवस अवश्य असावा.

तिसरी नोंद तुलनेची. एक संगणक तारेने जोडून तीच परीक्षा त्याच वेळी करावी. तारेवरही तोच विलंब दिसला, तर बिनतारी टप्पा दोषमुक्त ठरतो.

चौथी नोंद तक्रारीची. वेळ, जागा, यंत्र, चालू असलेले काम आणि तक्रारदाराचे मूळ शब्द, एवढे वहीत उतरावे. या भागात मराठीबरोबर झाडीबोली, माडिया, तेलुगू व बंगाली बोलणारे लोक कार्यालयांत येतात. त्यांचे म्हणणे ‘नेट स्लो’ या एकाच शिक्क्याखाली दडपू नये. ‘फिरत राहते’, ‘मध्येच तुटते’, ‘पहिल्यांदा होत नाही, दुसऱ्यांदा होते’ ही तीन वर्णने अनुक्रमे विलंब, खंड आणि पॅकेटांची हानी यांकडे बोट दाखवितात.

आकड्यांचे वाचन करताना सरासरीपासून सावध राहावे. समजा, शंभर मापनांपैकी ९५ वेळा विलंब ५ मिलिसेकंद आणि ५ वेळा २००० मिलिसेकंद आला. सरासरी सुमारे १०५ येते. पण १०५ हा विलंब एकदाही कोणाच्या वाट्यास आलेला नाही. मध्यक ५ येतो, आणि तो तर सर्व कुशल असल्याचे सांगतो. निविदा भरणाऱ्याचा घात करणारी ती पाच मापनेच होत. म्हणून मध्यकाबरोबर सर्वांत वाईट पाच टक्के मापने स्वतंत्रपणे लिहावीत.

आणि ही सारी परीक्षा वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात व एकदा ऑगस्टमध्ये, करावी. या प्रदेशात एकाच ऋतूतील मापन हे अर्धसत्य होय.

७. सुधारणेचा क्रम

उपायांचा क्रम अल्पमोल ते बहुमोल असा असावा. प्रथम वीज व जागा : राउटरास लहान यूपीएस द्यावा, लोखंडी कपाट, कूलर व तापणारे छत यांपासून तो दूर, उंचावर आणि माणसांच्या मध्यभागी आणावा. दुसरे, तार : जे संगणक जागचे हलत नाहीत, म्हणजे रोखपालाचा, काट्याचा व निविदा भरण्याचा, ते तारेने जोडावेत. बिनतारी जाळे सुधारण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे त्यावरील अनावश्यक वक्ते कमी करणे. तिसरे, चॅनेल : २.४ गिगाहर्ट्झमध्ये एक, सहा व अकरा यांपैकी सर्वांत रिकामा निवडावा, वाहिनी २० मेगाहर्ट्झचीच ठेवावी, आणि सक्षम यंत्रे ५ गिगाहर्ट्झवर न्यावीत. चौथे, मंद वक्ते : अतिसंथ वेग बंद करण्याची सोय ॲक्सेस पॉइंटात असल्यास, जुनी यंत्रे तपासून, ती वापरावी. पाचवे, रांग : कॅमेऱ्यांचे चित्रण व प्रती साठविण्याचे काम रात्री ठेवावे, म्हणजे दिवसा बाहेरच्या अरुंद वाटेवर त्यांची गर्दी होणार नाही.

इतके करूनही उणीव राहिली, तरच नवे ॲक्सेस पॉइंट घ्यावेत. ते कमी शक्तीवर, भिन्न चॅनेलांवर आणि प्रत्येकी तारेने जोडलेले असावेत. २०२१ साली मान्य झालेल्या मानकात सभापतीने पाळी नेमून द्यावी तशी ॲक्सेस पॉइंटने यंत्रांना पाळ्या वाटण्याची सोय आहे. गर्दीच्या कार्यालयास तिचा लाभ होतो, परंतु जुन्या यंत्रांना ती भाषा समजत नाही. दूरच्या जोडणीसाठी ॲन्टेना झाडांच्या माथ्यावर न्यावा आणि निष्पर्ण ऋतूत मोजलेल्या बळातून पावसाळ्यासाठी शिल्लक राखून ठेवावी.

८. उपसंहार

वरील सर्व साधने सामान्य कार्यालयाच्या आवाक्यातील आहेत. त्यांस एक वही, एक मोबाईल आणि आठवडाभराची चिकाटी यांपलीकडे फारसे काही लागत नाही. त्यांचे फलित केवळ वेगात मोजावयाचे नाही. ‘नेट नाही’ हे विधान जोवर अविभक्त आहे, तोवर त्याचे उत्तरदायित्व कोणावरच येत नाही : कार्यालय कंपनीकडे, कंपनी जंगलाकडे आणि जंगल पावसाकडे बोट दाखविते, आणि हेलपाटा मात्र काउंटरपलीकडच्या माणसाला पडतो. ‘राउटरपर्यंत ४ मिलिसेकंद, बाहेर उत्तर नाही, सकाळी १० वाजून ४० मिनिटांपासून’ असे विधान झाले, की ते तपासता येते, खोडता येते आणि योग्य माणसापुढे ठेवता येते. अशा विधानासोबत त्या माणसाला ‘उद्या या’ म्हणण्याऐवजी किती वाजता या, हेही सांगता येते.